तायडे मॅडमचा पहिला प्रश्न

गोठ्यात गाय आडवी पडलेली असो, म्हैस चारा सोडून उभी असो, की शेळ्यांचं अख्खं खांड मान टाकून बसलेलं असो, तायडे मॅडम आधी गोठ्याकडे बघायच्याच नाहीत. ओट्यापाशी थांबायच्या आणि समोर जो असेल त्याला विचारायच्या, "घरात कोनाले ताप येऊन राह्यला का?" समोरचा गोंधळून जायचा. बोलावलं ढोरांसाठी आणि ही बाई माणसांची चौकशी करते! एका गावात तर एका आजोबांनी लगेच मनगट पुढे केलं आणि पावसाळ्यापासूनच्या खोकल्याची हकिगत सुरू केली. मॅडमनी ती पूर्ण ऐकून घेतली, त्यांना सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं आणि मग म्हणाल्या, "बाबाजी, मी ढोरायची डॉक्टर. पन ढोरायचा रोग मानसापाशी येतानी इचारून येत नाही. मनून मीच पयले इचारून घेतो." आमच्या वऱ्हाडात बायाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात, आणि मॅडम गावातल्या ओट्यावर जशा बोलायच्या तशाच मोठमोठ्या परिषदांतही बोलायच्या. पुण्याकडचे विद्वान दचकायचे. त्यांनी दचकावं असं मला तरी नेहमी वाटायचं.

अकोल्याच्या आमच्या संशोधन केंद्रात जनावरांच्या जिवाणूजन्य रोगांचा विभाग त्यांच्याकडे होता. घटसर्प, फऱ्या, कासदाह, आणि त्यांचा खास जिव्हाळ्याचा शत्रू म्हणजे सांसर्गिक गर्भपात. या शेवटच्या रोगात गाय दिवस भरायच्या आत वासरू टाकते. तिच्या जारेतून, म्हणजे वासरामागून पडणाऱ्या पडद्यांतून, आणि कच्च्या दुधातून तोच जंतू माणसालाही गाठतो. माणसाला ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. घाम सुटतो, सांधे धरतात, कंबर धरते. लोक टायफॉइडची औषधं घेत बसतात. मॅडमचा पहिला प्रश्न या रोगासाठी होता.

माझी त्यांची ओळखही या प्रश्नानंच झाली. मी तेल्हाऱ्याहून पदवी घेऊन मुलाखतीला आले होते. जंतूंची लॅटिन नावं घोकून घोकून घसा बसला होता. मॅडमनी विचारलं, "घरी ढोर आहे का?" म्हटलं, एक म्हैस आहे. "दूध कच्चं कोन पेते?" म्हटलं, बाबा पितात, धारोष्ण. "बाबाचे गुडघे दुखते का?" दुखतात, पण वयानं, असं मी म्हणाले. त्यावर त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "वयानं? कशावरून?"  नोकरी गेली असं समजून मी घरी आले आणि चिडून बाबांचं रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही. नोकरी मात्र मिळाली, आणि पहिल्याच दिवशी मी त्यांना जरा ठसक्यात सांगितलं की बाबांचे गुडघे वयानंच दुखतात. "बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "आता म्हन, वयानं." त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. मी कायमची 'तेल्हारा' झाले.

'कशावरून' हा शब्द त्यांच्या जिभेवर कायम बसलेला असायचा. अमक्यामुळे तमकं झालं, असं कोणी बोललं की मॅडमची मान वळलीच. फ्रिज व्होल्टेजमुळे बिघडला म्हटलं, कशावरून? साहेब नाराज आहेत म्हटलं, कशावरून? अमरावतीच्या राजापेठेत त्यांचं घर होतं आणि यजमान तिथल्याच शाळेत गणित शिकवत. ते आम्हाला चहा देताना सांगायचे, "आमच्या लग्नाले हिनं होकार दिला तो माझे सगळे रिपोर्ट नीट वाचून." मॅडम हसायच्या नाहीत. "वाचाच लागते," एवढंच म्हणायच्या.

अमरावतीहून अकोल्याला त्या रोज बसनं यायच्या. वाटेतल्या एखाद्या गावाहून नमुने घेतलेले असले की बर्फाचा डबा मांडीवर. गर्दीत एकदा, मी बरोबर असताना, एका बाईंनी त्या डब्यात आइस्क्रीम आहे का असं हौसेनं विचारलं. मॅडमनी खरं तेच सांगितलं, की शेळ्यांचं रक्त आहे. पुढच्या थांब्यापर्यंत त्यांच्या शेजारी कोणी बसलं नाही आणि आम्ही दोघी ऐसपैस आलो. मला वाटतं त्यांनी ते मुद्दाम केलं, पण कशावरून, असं त्या विचारतील म्हणून मी कधी बोलले नाही.

प्रयोगशाळेत मात्र त्यांचा स्वभाव पालटायचा. हा जंतू फार सावकाश वाढतो आणि त्याला साधी हवा मानवत नाही. खास हवा पुरवणारं यंत्र बंद पडलं की मॅडम जुन्या पद्धतीवर यायच्या. काचेच्या बरणीत जंतू वाढवायच्या बशा ठेवायच्या, वर एक मेणबत्ती लावायची आणि झाकण घट्ट बसवायचं. मेणबत्ती आतली हवा खाऊन विझली की जंतूला हवी तशी हवा तयार. आमचा शिपाई म्हणायचा, मॅडमची पूजा झाली. मग सुरू व्हायचं थांबणं. मी दर थोड्या वेळानं डोकावायचे. मॅडम पाठमोऱ्याच म्हणायच्या, "दम धर, तेल्हारा. वाढू दे त्याले." माझी बदली, माझं लग्न, माझ्या भावाचा निकाल, सगळ्यावर त्यांचं हेच औषध होतं आणि मला त्याचा भारी राग यायचा.

अंजनगाव सुर्जीकडच्या एका गावातून बोलावणं आलं तेव्हा एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. कौसल्याकाकूंच्या गोठ्यात एकामागून एक गाई गाभडत होत्या, वासरं टाकत होत्या. आम्ही पोचलो. मॅडमनी ओट्यापाशी आपला प्रश्न विचारला. काकू पदर सावरत म्हणाल्या, "नाई बाप्पा, आमच्या घरी कोनाले ताप नाई. ढोरायचंच पाहा काय ते."

मॅडमनी हात धुवायला पाणी मागितलं. पाणी घेऊन काकूंची सून आली, रोशनी. कोवळी पोर, आणि अंगात स्वेटर! बाहेर डांबर वितळत होतं आणि ही स्वेटर घालून उभी. तांब्या घेताना मॅडमनी तिचं बोट क्षणभर धरून ठेवलं. "पोरी, तुले थंडी वाजून राह्यली का?" रोशनीनं सासूकडे बघितलं.

काकूच बोलल्या. "तिचं काय सांगता मॅडम. संध्याकाय झाली की तिले कणकण येते, सकायी उतरते. ते काई ताप नाई. ते तिचं नशीबच तसं." आणि मग ओट्यावर बसून, सुनेच्या समोर, त्यांनी सगळं सांगितलं. ही पोर घरात आली आणि गोठ्याला दृष्ट लागली. आधी कपिलीनं वासरू टाकलं, मग मोरीनं. हिवाळ्यात तर हिचंच पोट पाचव्या महिन्यात खाली झालं. "पायगुन असते एकेकाचा," काकू म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या, हे मला आवर्जून सांगितलं पाहिजे. सांगताना त्यांचेच डोळे भरले होते. हिला माहेरी पाठवून द्यावं असं भावकीतले लोक म्हणत होते आणि काकूंच्या तोंडून अजून होकार निघाला नव्हता, एवढंच. पण तो निघायच्या बेतात होता. रोशनी दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत होती. तिनं ते सगळं मान्य केलेलं दिसत होतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

मी तोंड उघडणार तोच मॅडमचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. त्यांनी काकूंच्या मुलाला, गजूला, विचारलं, "नवीन ढोर कधी आनलं गोठ्यात?"

"हे जर्सी," गजू खुंट्याकडच्या एका देखण्या गाईकडे हात करत म्हणाला. "बाजारातून आनली. लगनाच्याच महिन्यात."

"इनं वासरू टाकलं का?"

"आल्या आल्या. आमी मनलं, गाडीत हिसके बसले असतीन."

"अन् जार कोन उचलते तुमच्या घरी?"

काकूंना यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांच्याकडे गाय व्याली की जार गवतात गुंडाळून पोत्यात बांधायची आणि नाल्यावरच्या वडाला टांगायची अशी रीत होती. वडाला जसा चीक असतो तसं गाईला दूध येतं, म्हणून. वासरू टाकलं तर ही रीत जास्तच मनोभावे करायची, गाय आटू नये म्हणून. "अन् घरच्या सुनेच्या हातानं बांधली की बरकत राह्यते. मनून मी हिलेच लावतो," काकू म्हणाल्या. आम्ही नाल्यावर जाऊन आलो. वडाच्या फांद्यांना पोती लोंबत होती, खाली कुत्री फिरत होती.

एकाच महिन्यात त्या घरात दोघी आल्या होत्या, एक सून आणि एक बाजारातली गाय. गावानं पाय पाहिले ते सुनेचे. मला सगळं लख्ख दिसत होतं आणि मॅडम मात्र गाईंचं रक्त काढून, डबा बंद करून, जीपमध्ये बसल्यासुद्धा. मी तडकले. म्हटलं, मॅडम, ती पोर तिथं मरते आहे लाजेनं, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!

"काय बोलू? कशावरून?" त्या म्हणाल्या. "आज मी अंदाजानं बोललो अन् उद्या रिपोर्ट उलटा आला, तर ते पोर दुसऱ्यांदा मरन. दम धर." निघताना त्यांनी गजूला एकच गोष्ट सांगितली होती. रोशनीला घेऊन अमरावतीला ये, राजापेठेत माझ्या घरी, माणसांच्या डॉक्टरकडे मी स्वतः नेते.

गजू आला, हे त्याचं मोठेपण. भावकीचं न ऐकता बायकोला एसटीत बसवून घेऊन आला. मॅडमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी रोशनीला तपासलं, रक्त घेतलं. इकडे अकोल्यात आम्ही गाईंचे नमुने लावले. ही तपासणी दिसायला अगदी साधी असते. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्तातलं निवळलेलं पाणी एक थेंब, गुलाबी औषध एक थेंब, आणि हलवत राहायचं. काही नसलं तर गुलाबी पाणी तसंच राहतं. रोग असला तर त्यात रव्यासारखे दाणे धरतात. जर्सीच्या थेंबात दाणे इतके झरझर धरले की मी ओरडलेच. कपिलीचे धरले, मोरीचेही धरले. मॅडमनी फरशी ठेवली, हात धुतले आणि ते पुसायच्या आतच रोशनीच्या रिपोर्टसाठी डॉक्टरांना फोन लावला. तोवर मला वाटत होतं की घाई फक्त मलाच आहे.

रोशनीचा रिपोर्ट आला तेव्हा मी राजापेठेतच होते. रोशनी आणि गजू मॅडमच्या बैठकीत, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेले. बाहेर शिकवण्या सुटल्या होत्या आणि पोरांच्या गाड्यांचा नुसता कल्लोळ चालला होता. मॅडमनी खिडकी लावून घेतली, कागद वाचला, पुन्हा वाचला आणि रोशनीसमोर खाली सतरंजीवर येऊन बसल्या.

"पोरी, तुले रोग आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाईले आहे तोच. त्या जारेतून तुह्या हाताले लागला. तुह्या पोटातलं लेकरू त्याच्यानंच गेलं असन असं डॉक्टर मनतात. गोया लय दिवस घ्या लागतीन, पन बरा होते."

 रोशनी हळूच म्हणाली, "म्हंजे... माह्या पायानं नाही?"

"नाही."

"गाईचे वासरं बी माह्यानं नाही?"

"गाईमुये तुले झालं, पोरी. तुह्यामुये गाईले नाही. हे मी अंदाजानं नाही सांगून राह्यलो."

आणि ती हसली. मला रोग आहे हे ऐकून इतक्या आनंदानं हसलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. हसता हसता ती रडायला लागली, मग गजूही रडायला लागला, आणि मॅडमचे यजमान चहाचे कप घेऊन दारातच थांबले. मला तर छातीवरून कोणीतरी पोतं उचलल्यासारखं झालं. मॅडमनी तेवढ्यात पदरानं चष्मा पुसून घेतला आणि दटावलं, "स्वेटर काढ आता. अन् गोया चुकवजो नको."

काकूंना सांगायला मॅडम स्वतः पुन्हा गावी गेल्या. ओट्यावर बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं. बाजारातली गाय, जार, हात, ताप.  शेवटी काकू म्हणाल्या, "म्हंजे मॅडम, तिले जारेले हात लावाले मीच लावलं ना." मी मॅडमकडे बघितलं. या बाईनं आयुष्यात खोटं कारण कोणाला दिलं नव्हतं आणि आता खरं कारण समोर पदरात तोंड खुपसून बसलं होतं. मॅडम म्हणाल्या, "तुमाले माहीत नोतं, काकू. आता माहीत झालं." आणि त्यांनी काकूंचा हात आपल्या हातात घेतला.

वडाचा प्रश्न मात्र सुटेना. सुनेला हात लावू देणार नाही, हातमोजे घालू, दूध उकळूनच पिऊ, सगळं काकूंना कबूल होतं. पण जार झाडाला दिली नाही तर गाय आटते, यावर त्या अडून बसल्या. मी मनातल्या मनात व्याख्यान जुळवायला लागले होते. मॅडमनी विचारलं, "काकू, वडाले चीक कुठून येते?"

"कुठून मंजे? आतून येते."

"मुयातूनच येते ना? मंग फांदीले काहून टांगता? मुयाले द्या. खोल खड्डा करा, चुना टाका, जार टाका, वरून आनखीन चुना अन् माती. झाडाले पोचते अन् कुत्र्याले भेटत नाही."

काकूंनी वडाकडे बघितलं, विचार केला आणि म्हणाल्या, "हे पटते." त्याच संध्याकाळी गजूनं वडाच्या अंगाला खड्डा खणला. जर्सी विकून टाकू असं तो म्हणत होता, तेव्हा मॅडमनी त्याला एकच विचारलं, "कोनाच्या सुनेकडे पाठवतो?" गाय विकली गेली नाही. रोगी गाई शेतातल्या वेगळ्या गोठ्यात गेल्या आणि घरच्या कालवडींना लस टोचली. ही लस कालवडीला लहानपणी एकदाच टोचायची असते, पण ती एकदा टोचायला मॅडम गावागावांत किती वेळा गेल्या असतील, ते त्यांनाच ठाऊक. आज त्या बाजूच्या बऱ्याच गावांत वडाच्या फांद्या मोकळ्या आहेत. लोक सांगतात, आमच्यात पहिल्यापासून मुळाशीच देतात. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या खूश झाल्या.

रोशनीचा ताप गेला. पुढच्या बाळासाठी डॉक्टरांनी सांगितलं तोवर ती थांबली. दरम्यान मॅडम निवृत्त झाल्या, बर्फाचा डबा माझ्या मांडीवर आला आणि बरणीतली मेणबत्ती मी लावू लागले. एक दिवस राजापेठेतून फोन आला, "तेल्हारा, गजूले पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."  त्यांनी फोन यजमानांकडे दिला.

बारशाला आम्ही दोघी गेलो. घर बायांनी भरलेलं. ओट्यापाशी मॅडम सवयीनं थांबल्या. त्यांनी विचारायच्या आधीच काकू आतून ओरडल्या, "कोनालेच ताप नाई मॅडम! या आत!" सगळ्या हसल्या. रोशनी साध्या सुती साडीत पाळण्यापाशी बसली होती, अंगानं भरलेली, तोंडावर तेज. काकूंनी आम्हाला दूध आणून दिलं, वर साय, उकळून उकळून पार दाट झालेलं. आणि मग रोशनीला माहेरी पाठवा म्हणणाऱ्या भावकीतल्या बायांसमोर, मान ताठ करून, त्या म्हणाल्या, "पाहा, यंदा एकाही गाईनं वासरू नाई टाकलं. अन् घरात लक्षुमी आली. माह्या सुनेचा पायगुनच भल्ला चांगला!"

मॅडमचा पेला तोंडाशी जाता जाता थांबला. मान वळली. मला पुढचा शब्द ठाऊक होता. लस, चुना, गोळ्या, वेगळा गोठा, सगळं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. 'कशा' एवढं त्या बोलल्यासुद्धा.

रोशनीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "असू द्या ना मॅडम," ती हळूच म्हणाली. "येवढे दिवस वाईट होता. आता चांगला असू द्या."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, पाळण्याकडे बघितलं आणि दूध पिऊन टाकलं. चुकीचं कारण ऐकून त्या गप्प बसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.